‘मे क्वेस्ता’ म्हणजे ‘मला जड जातं’: स्पॅनिशमध्ये अडचण कशी सांगावी

प्रश्न थोडक्यात असा. मूळच्या नाशिकच्या आणि आता टेक्सासमध्ये फिजिओथेरपिस्ट असलेल्या एक बाई लिहितात: “माझे निम्मे पेशंट स्पॅनिश बोलणारे आहेत. मी स्पॅनिश शिकले ती इंग्रजी पुस्तकांवरून आणि ॲपवरून. मागच्या आठवड्यात एक आजी म्हणाल्या, ‘मे क्वेस्ता मूचो सुबीर लास एस्कालेरास’. मला ‘क्वेस्ता’ आणि ‘मूचो’ एवढंच कळलं. वाटलं, फी फार होतेय म्हणताहेत, म्हणून मी त्यांना रिसेप्शनवर पाठवलं. मग कळलं की त्या जिन्याबद्दल बोलत होत्या. मी स्वतः विचारते तेव्हा इंग्रजीतल्या ‘हॅव अ हार्ड टाइम’चा शब्दशः तर्जुमा करून ‘तिएने उन तिएंपो दिफीसिल’ म्हणते आणि लोक गोंधळतात. अडचण सांगायची आणि विचारायची नेमकी रीत कोणती?”

मी पुण्यात बावीस वर्षं स्पॅनिश शिकवते आहे. गेली काही वर्षं ऑनलाइन वर्गांत परदेशात वाढलेली मराठी मुलंही येतात. घरी मराठी, पण विचार करायची सवय इंग्रजीत. तुमची अडचण माझ्याकडे प्रत्येक बॅचमध्ये येते, म्हणून उत्तर जरा सविस्तर देते.

आधी त्या आजींचं वाक्य. ‘कोस्तार’ हे क्रियापद तुम्हाला पहिल्या धड्यात भेटलं असणार: ‘क्वान्तो क्वेस्ता?’, म्हणजे कितीला? मूळ लॅटिन ‘कोन्स्तारे’. इंग्रजीतला ‘कॉस्ट’ही फ्रेंचमार्गे तिथूनच आला. त्यामुळे इंग्रजीतून येणाऱ्याला हा शब्द लगेच ओळखीचा वाटतो आणि तो किमतीपाशीच थांबतो. स्पॅनिश बोलणारा थांबत नाही. खिशातून पैसे जावेत तसा एखाद्या कामात दम जातो, वेळ जातो, मनाची ताकद जाते. त्या सगळ्याला तो ‘क्वेस्ता’च म्हणतो. आपल्याकडे ‘महागात पडणं’ याच वाटेने गेलं आहे. ‘ते बा आ कोस्तार कारो’ म्हणजे ‘तुला महागात पडेल’. ‘ले कोस्तो ला बिदा’ म्हणजे ‘जिवावर बेतलं आणि त्यात तो गेला’.

पण रोजच्या वापरात ‘मे क्वेस्ता’चं मराठी एकच आहे: ‘मला जड जातं’.

हे वाक्य जरा थांबून पाहा, कारण बाकीचं सगळं यातून निघतं. इंग्रजीत अडचण ज्याला आहे तो कर्ता असतो. तो अडचण ‘बाळगतो’, तो वाईट वेळ ‘काढतो’. मराठीत तसं नाही. ‘मी जिना चढणं जड जातो’ असं कोणी म्हणत नाही. जड जातं ते चढणं. मी नुसती ‘मला’ म्हणून बाजूला उभी असते. स्पॅनिशमध्येही हेच घडतं. ‘मे’ म्हणजे मला, ‘ते’ म्हणजे तुला, ‘ले’ म्हणजे त्याला, तिला किंवा (आदरार्थी) तुम्हाला, ‘नोस’ म्हणजे आम्हाला आणि ‘लेस’ म्हणजे त्यांना. इंग्रजी माध्यमाचं पुस्तक हे शिकवायला दोन पानं घेतं आणि तरी ते वाचून लोक ‘यो क्वेस्तो’ म्हणतात. ‘यो क्वेस्तो’चा अर्थ होतो ‘माझी किंमत अमुक आहे’. मराठी माणसाला ती दोन पानं वाचायची गरज नाही. आपण हा साचा बोलतच मोठे झालो.

साम्य किती खोल जातं ते पाहा. ‘मला जिने जड जातात’: जिने अनेक म्हणून ‘जातात’. ‘मला जिने चढणं जड जातं’: आता कर्ता ‘चढणं’, तो एकवचनी, म्हणून ‘जातं’. स्पॅनिश: ‘मे क्वेस्तान लास एस्कालेरास’ आणि ‘मे क्वेस्ता सुबीर लास एस्कालेरास’. पहिल्यात शेवटी ‘न’ आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजी भाषकाला हा ‘न’ कधी लावायचा हे वर्षभर चुकतं, कारण त्याच्या वाक्यात जिन्यांनी काही केलेलंच नसतं. तुम्ही मनातल्या मनात मराठी वाक्य म्हणा. ‘जातात’ आलं तर ‘क्वेस्तान’, ‘जातं’ आलं तर ‘क्वेस्ता’. वर्गात मी हे फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते तेव्हा मागच्या बाकापर्यंत चेहरे उजळतात, आणि बावीस वर्षांनंतरही मला तो क्षण फार आवडतो.

दोन ठिकाणी मात्र मराठी साथ देत नाही, ती लक्षात ठेवायलाच हवीत. पहिलं: माणसाचं नाव किंवा नातं सांगितलं तरी स्पॅनिशमध्ये ते छोटं सर्वनाम परत लागतं. ‘आईला चालणं जड जातं’ हे ‘आ मी मामा ले क्वेस्ता कामिनार’ असं होतं, अक्षरशः ‘आईला तिला जड जातं’. आपल्या कानाला ते ‘ले’ जास्तीचं वाटतं, म्हणून गळतं. गाळू नका. दुसरं, आणि तुमच्या कामात हे रोज येणार: स्वतःच्या शरीराच्या हालचालींची पुष्कळ क्रियापदं ‘से’ घेऊन येतात. लेबांतार्से म्हणजे उठणं, आगाचार्से म्हणजे वाकणं, सेन्तार्से म्हणजे बसणं. हा ‘से’ माणसाप्रमाणे बदलतो. पेशंट म्हणेल ‘मे क्वेस्ता लेबांतार्मे दे ला सिया’, मला खुर्चीतून उठणं जड जातं. तुम्ही विचाराल ‘ले क्वेस्ता लेबांतार्से?’. शिकणारे हमखास ‘मे क्वेस्ता लेबांतार्से’ म्हणतात. शब्दकोशातलं रूप जसंच्या तसं उचलल्याने हे होतं.

आता तुमचं ‘तिएंपो दिफीसिल’. ‘तिएंपो’ म्हणजे वेळही आणि हवामानही. त्यामुळे गुडघा दुखणाऱ्या माणसाला तुम्ही ‘तुमच्याकडे कठीण वेळ आहे का’ किंवा ‘कठीण हवा आहे का’ असं काहीतरी विचारता. इंग्रजीतल्या त्या वाक्प्रचारात दोन वेगळ्या गोष्टी कोंबल्या आहेत, स्पॅनिश त्या वेगळ्या ठेवते. एखादं काम जड जाणं: कोस्तार. आणि माणसाचे दिवस वाईट जाणं, हाल होणं: ‘पासार्लो माल’, लॅटिन अमेरिकेत बहुधा ‘ला एस्तोय पासान्दो माल’ असं ऐकाल. एखादी पेशंट डोळ्यांत पाणी आणून हे दुसरं वाक्य म्हणाली तर ती गुडघ्याबद्दल बोलत नाही. तिथे व्यायामाचा तक्ता बाजूला ठेवून आधी ऐकून घ्या.

इंग्रजीतून येणारी दुसरी मोठी चूक जास्त चिवट आहे. इंग्रजीत ‘डिफिकल्टी’ नंतर क्रियापदाचं ‘इंग’वालं रूप येतं. ते पाहून लोक ‘तेंगो दिफिकुल्ताद रेस्पिरान्दो’ म्हणतात. स्पॅनिशमध्ये तिथे नेहमी मूळ रूपच हवं: ‘तेंगो दिफिकुल्ताद पारा रेस्पिरार’, श्वास घ्यायला त्रास होतो. हे ‘तेनेर दिफिकुल्ताद पारा’ फॉर्मवर, रिपोर्टमध्ये, सूचनापत्रकात चांगलं शोभतं. गिळायला त्रास: ‘दिफिकुल्ताद पारा त्रागार’. पण बोलताना पेशंट ‘मे क्वेस्ता रेस्पिरार’ किंवा ‘मे फाल्ता एल आइरे’ म्हणेल. दुसऱ्याचा अर्थ ‘मला हवा कमी पडतेय’. हे ऐकलं की हातातला व्यायाम लगेच थांबवायचा, एवढं तुम्हाला मी सांगायला नको.

‘दिफीसिल’ या शब्दाकडे वळते. इथे इंग्रजी वाचकाचा सगळ्यात जास्त गोंधळ उडतो आणि इथेच मराठी सगळ्यात जास्त उपयोगी पडते.

‘एल एस्पान्योल एस दिफीसिल दे आप्रेंदेर’ आणि ‘एस दिफीसिल आप्रेंदेर एस्पान्योल’. पहिल्यात ‘दे’ आहे, दुसऱ्यात नाही. इंग्रजीत दोन्हीकडे तोच ‘टू’ येतो, म्हणून इंग्रजी भाषकाला फरक दिसतच नाही आणि तो दोन्हीकडे ‘दे’ लावतो किंवा दोन्हीकडे गाळतो. आता मराठीत म्हणा: ‘स्पॅनिश शिकायला कठीण आहे’ आणि ‘स्पॅनिश शिकणं कठीण आहे’. पहिल्या वाक्यात कठीण काय, तर स्पॅनिश. दुसऱ्यात कठीण काय, तर शिकणं. जिथे ‘शिकायला’ तिथे ‘दे आप्रेंदेर’, जिथे ‘शिकणं’ तिथे नुसतं ‘आप्रेंदेर’. मी शेकडो वाक्यांवर हे ताडून पाहिलं आहे, साध्या वाक्यांत ते चुकत नाही. अनेकवचनही मराठीसारखंच वागतं: ‘हे व्यायाम करायला कठीण आहेत’ म्हणजे ‘एस्तोस एहेर्सीसिओस सोन दिफीसिलेस दे आसेर’, पण ‘हे व्यायाम करणं कठीण आहे’ म्हणजे ‘एस दिफीसिल आसेर एस्तोस एहेर्सीसिओस’. आपलं ‘कठीण’ बदलत नाही, त्यांचं ‘दिफीसिल’ बदलतं, एवढंच लक्षात असू द्या. आणि एक खास मराठी चूक: ‘-आयला’ ऐकून ‘पारा’ लावायचा मोह होतो, ‘दिफीसिल पारा आप्रेंदेर’. तो टाळा. ‘पारा’ हेतू सांगतो, ‘शिकण्यासाठी’ असा.

‘एस दिफीसिल पारा मी’ म्हटलं तर चूक नाही, पण ते इंग्रजीच्या चालीवर चालतं. कान तयार झाला की तुम्ही आपोआप ‘मे रेसुल्ता दिफीसिल’ किंवा ‘से मे आसे दिफीसिल’ म्हणू लागाल. पहिलं थोडं नेटकं, दुसरं लॅटिन अमेरिकेत घरोघरी. ‘एस्तोय दिफीसिल’ मात्र कधीही म्हणू नका. परिस्थितीबद्दल ‘एस्ता दिफीसिल’ चालतं, ‘अवघड झालंय’ या अर्थाने. ‘मी अवघड आहे’ असं स्वतःबद्दल सांगायचं कारण नाही.

आणखी एक वाक्य तुम्हाला क्लिनिकमध्ये अडवेल. आजी म्हणतील: ‘एस दिफीसिल के मी इहा बेंगा एल ह्वेबेस’. इंग्रजीतून ऐकलं तर वाटेल, मुलीला गुरुवारी यायला त्रास पडतो, पण येईल बहुतेक. मराठीतून ऐका: ‘मुलगी गुरुवारी येणं कठीण आहे.’ म्हणजे बहुतेक येणार नाही. ‘दिफीसिल के’ नंतर क्रियापद संशयार्थी रूपात जातं (‘बिएने’ऐवजी ‘बेंगा’) आणि अर्थ ‘शक्यता कमी’ असा होतो. तसंच ‘लो बेओ दिफीसिल’, शब्दशः ‘मला ते कठीण दिसतं’, आपलं ‘कठीण दिसतंय’. हे वाक्य आलं की अपॉइंटमेंट दुसऱ्या दिवशी द्या.

टेक्सासमध्ये असल्यामुळे तुम्हाला पुस्तकात नसलेले दोन शब्द रोज भेटतील. २०२० च्या जनगणनेत टेक्सासमधल्या ३९ टक्क्यांहून जास्त लोकांनी स्वतःची नोंद हिस्पॅनिक म्हणून केली, आणि त्यांत मेक्सिकन मुळाचे लोक सर्वाधिक. मेक्सिकोच्या उत्तरेकडे, नुएवो लेओन, कोआविला, चिवावा या राज्यांत, आणि सीमेच्या अलीकडे टेक्सासमध्येही लोक अडचणीला ‘बातायार’ म्हणतात. मूळ अर्थ लढाई देणं. ‘बातायो पारा आमार्रार्मे लोस सापातोस’: बुटाच्या नाड्या बांधायला मला झगडावं लागतं. इथे गंमत अशी की कर्ता ‘मी’ आहे, इंग्रजीसारखा, आणि मध्ये ‘पारा’ही आहे. इतर देशांतल्या माणसाला हा वापर जरा वेगळा वाटेल, पण तुमच्या पेशंटना तो घरचा वाटेल. तुम्ही ‘बाताया पारा दोर्मीर?’ (झोप यायला त्रास होतो का?) असं विचारलंत तर पुष्कळ आज्या तुमच्याकडे नव्याने पाहतील. दुसरा शब्द ‘से मे दिफिकुल्ता’, मेक्सिकोत सर्रास. ‘से मे दिफिकुल्ता आगाचार्मे’ म्हणजे वाकणं अवघड जातं. साचा पुन्हा आपलाच, ‘मला’वाला.

स्पेनला गेलात तर तिथे वेगळे शब्द ऐकाल. एखादा विषय डोक्यात शिरत नसेल तर विद्यार्थी ‘से मे आत्रागांता’ म्हणतात, घशात अडकतो. एखाद्या गोष्टीत गतीच नसेल तर ‘से मे दा माल’. आणि ‘से मे आसे क्वेस्ता आर्रीबा’, मला ती चढण वाटते. या शेवटच्या ‘क्वेस्ता’चा आपल्या क्रियापदाशी काही संबंध नाही. तो वेगळाच शब्द आहे, लॅटिन ‘कोस्ता’ म्हणजे बरगडी किंवा बाजू, त्यावरून डोंगराचा उतार. पण ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही शब्द एकमेकांत मिसळतात. नाताळात आणि तीन राजांच्या सणाला (६ जानेवारी) हात सैल सोडल्यावर येणाऱ्या पैशाच्या ओढगस्तीला स्पेनमध्ये आणि मेक्सिकोतही ‘ला क्वेस्ता दे एनेरो’ म्हणतात, जानेवारीची चढण.

उच्चारांबद्दल एकच. इंग्रजी भाषक ‘त’ आणि ‘क’ फुंकर मारून म्हणतात आणि ‘त’ टाळूकडे नेतात. तुम्ही आपला साधा दंत्य ‘त’ म्हणा. ‘र्र’ जमत नसेल तर तेही सांगायला सुंदर वाक्य आहे: ‘नो मे साले ला एर्रे’. ‘सालिर’ म्हणजे बाहेर निघणं. माझ्या तोंडून ‘र्र’ निघत नाही. आपलं ‘जमत नाही’ म्हणायचं असेल तर बहुतेक वेळा ‘नो मे साले’ हेच म्हणा.

पण इथे एक सावधगिरी, कारण तुमच्याकडे नोंद नेमकी हवी. मराठी ‘जमत नाही’त दोन अर्थ लपतात: मुळीच होत नाही, किंवा होतं पण नीट नाही. स्पॅनिश पेशंट हे वेगळं सांगतो. ‘नो प्वेदो’ म्हणजे होत नाही. ‘मे क्वेस्ता’ म्हणजे होतं, पण जड जातं. ‘आपेनास प्वेदो’ म्हणजे जेमतेम होतं. (इंग्रजी ‘हार्डली’वरून कोणी ‘दुरामेन्ते’ म्हणतात, त्याचा अर्थ कठोरपणे असा होतो. शिवाय मेक्सिकोत ‘आपेनास’चा दुसरा अर्थ ‘आत्ताच’ असाही आहे, म्हणून ‘आपेनास येगे’ म्हणजे ‘आत्ताच आले’.) तुमच्या तपासणीत ही तीन वाक्यं म्हणजे तीन वेगळ्या पायऱ्या आहेत. ‘के ले क्वेस्ता मास, सुबीर ओ बाहार?’ असं विचारा: काय जास्त जड जातं, चढणं की उतरणं? या एका प्रश्नाने गुडघ्याबद्दल किती कळतं ते तुम्हीच मला सांगू शकाल.

भूतकाळात आणखी एक बारकावा आहे. ‘मे कोस्तो एंकोंत्रार ला क्लीनिका’: क्लिनिक शोधायला त्रास झाला, पण सापडलं. त्या ‘कोस्तो’त बहुतेक वेळा ‘शेवटी झालं’ हे गृहीत असतं. ‘आंतेस मे कोस्ताबा दोर्मीर’: आधी झोपायला जड जायचं, रोजचं चाललेलं. आपलं ‘जड गेलं’ आणि ‘जड जायचं’ यांतला हाच फरक. इंग्रजीत दोन्हीला एकच साधा भूतकाळ पुरतो, म्हणून तिथून येणारे विद्यार्थी हे दोन काळ वर्षानुवर्षं घोटतात. मराठी मुलांना मी म्हणते, ‘-यचं’ लावून पाहा. लागलं तर ‘कोस्ताबा’.

अमेरिकी सरकारची फॉरेन सर्व्हिस इन्स्टिट्यूट इंग्रजी भाषकांसाठी स्पॅनिशला सगळ्यात सोप्या गटात ठेवते. २४ ते ३० आठवड्यांच्या पूर्णवेळ प्रशिक्षणात कामापुरती भाषा येते असा तिचा अंदाज आहे. तो आकडा मी अमान्य करत नाही. पण शब्द सारखे दिसतात म्हणून भाषा सोपी वाटते, आणि ‘मला’ने सुरू होणाऱ्या या वाक्यांत मात्र इंग्रजीचा रस्ता लांबून जातो. तुमच्याकडे जवळचा रस्ता आहे आणि तुम्ही तो वापरत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. पुस्तकातलं स्पॅनिश वाक्य वाचलं की खालचा इंग्रजी अर्थ हाताने झाका आणि शेजारी पेन्सिलीने मराठी लिहा. महिनाभर करा.

एक आठवण सांगते. मी तिशीत असताना स्पेनमधल्या सालामांकात एका बाईंच्या घरी तीन महिने राहिले होते. निघायच्या दिवशी त्या स्टेशनपर्यंत आल्या. गाडी लागली आणि त्या म्हणाल्या, ‘मे क्वेस्ता देस्पेदिर्मे’. त्या वेळी माझं स्पॅनिश बरं होतं, व्याकरणाच्या परीक्षा झाल्या होत्या, आणि तरी हे वाक्य माझ्यापर्यंत पोहोचलं ते मराठीत: निरोप घेणं जड जातंय. मध्ये कुठलीच तिसरी भाषा नव्हती. त्यानंतर मी शिकवायची पद्धत बदलली.

तुमच्या त्या आजी पुढच्या वेळी आल्या की आधी विचारा, ‘तोदाबीया ले क्वेस्ता सुबीर लास एस्कालेरास?’, अजून जड जातं का? काही आठवड्यांनी ‘या नो मे क्वेस्ता तान्तो’ ऐकू येईल, आता तितकं जात नाही. त्यातला ‘तान्तो’ गळून नुसतं ‘या नो मे क्वेस्ता’ उरेल त्या दिवशी फाइलमध्ये त्यांचेच शब्द लिहा, आणि शेजारी आपल्या भाषेत: आता जड जात नाही.